आडॉल्फ आपिया : रंगमंच न लाभलेला रंगशिल्पी

नाटककाराला त्याची संहिता तारते, नटाला त्याच्याविषयीच्या आख्यायिका तारतात. नेपथ्यकाराला तारणारे असे काहीच नसते. शेवटचा प्रयोग संपला की चौकटींचे खिळे उपटले जातात, कापडावर नव्या नाटकासाठी नवा रंग चढतो, आणि मागे राहतात ती दोनचार छायाचित्रे व जमाखर्चाच्या वहीतील काही आकडे. म्हणूनच नेपथ्यकाराच्या कारकीर्दीचे मोजमाप आपण बहुधा संख्येने करतो. किती नाटके सजविली, कोणकोणती नाट्यगृहे गाजविली, कोणत्या दिग्दर्शकांनी त्याला पुन्हा बोलावले, हे विचारले की आपले समाधान होते.

या मापाने पाहू गेल्यास आडॉल्फ आपिया हा मनुष्य जवळजवळ अपयशीच ठरावा. सरकारी नोकरीतील आमच्या वाचकांना परिचित असलेल्या शब्दांत सांगायचे, तर त्याची सेवापुस्तिका अगदी पातळ आहे. १९०३ मध्ये पॅरिस येथील एका खाजगी नाट्यगृहात काही प्रवेश. १९१२ व १९१३ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या एका संगीतविद्यालयात ग्लुकचा 'ऑर्फेउस'. १९२३ मध्ये मिलानच्या 'ला स्काला'मध्ये वाग्नरचा 'ट्रिस्टन'. १९२४-२५ मध्ये बाझल येथे वाग्नरच्याच चार भागांच्या 'रिंग'पैकी दोन भाग, आणि त्यानंतर तेथेच एस्किलसचा 'प्रॉमिथ्यूस'. याखेरीज किरकोळ म्हणता येतील अशा आणखी काही नोंदी. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात एवढेच. आणि तरीही विसाव्या शतकातील नेपथ्याचा इतिहास लिहिणारा कोणीही या माणसाला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. ज्याला रंगमंच लाभला नाही, त्याने रंगमंच बदलला, हे कसे घडले? आणि त्याला रंगमंच लाभला नाही, याचा सारा दोष जगाच्याच माथी मारावा काय? या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

आपियाचा जन्म जिनिव्हा येथे १ सप्टेंबर १८६२ रोजी झाला. वडील लुई आपिया हे शस्त्रवैद्य. रेड क्रॉसची स्थापना करणाऱ्या पाच जणांपैकी ते एक होत. घरातील वातावरण कडक प्रॉटेस्टंट शिस्तीचे. नाट्यगृहाकडे संशयाने पाहणारे. मुलगा अबोल, एकलकोंडा, आणि बोलताना अडखळणारा. आपल्या शाळकरी वयातील एक आठवण त्याने पुढे नमूद करून ठेवली आहे. त्याचा एक मित्र वाग्नरचा ऑपेरा पाहून आला होता. आपियाने त्याला खोदून खोदून विचारले, की ती पात्रे खरोखरच एखाद्या जागी उभी होती काय, ती जागा होती तरी कशी, आणि त्या पात्रांचे पाय नेमके कशावर टेकलेले होते. मित्राला प्रश्नच कळला नाही. दुसरा एखादा मुलगा पोशाखांविषयी, राक्षसांविषयी किंवा गाण्यांविषयी विचारता. या मुलाला पायांखालच्या भूमीचे कुतूहल वाटले. आपियाचा पुढील सारा विचार या एका बालसुलभ प्रश्नाचा विस्तार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

संगीताच्या अभ्यासासाठी तो लाइप्झिग, पॅरिस, ड्रेस्डेन येथे राहिला, आणि १८८२ मध्ये बायरॉइट येथे त्याने 'पार्सिफाल' पाहिला. बायरॉइटचे नाट्यगृह ही वाग्नरची क्रांती होती. वाद्यवृंद मंचाखाली दडविलेला, श्रीमंतांचे सज्जे काढून टाकून एकाच उतारावर मांडलेल्या आसनांच्या रांगा, प्रेक्षागृहात अंधार. प्रेक्षकाने आजूबाजूच्या प्रेक्षकांना विसरून केवळ नाट्यात बुडावे, यासाठी जे करता येईल ते सारे वाग्नरने केले. परंतु अंधारातील त्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे पडदा दूर झाला, की दिसे काय? तर तीच रंगविलेली झाडे, तेच कापडी खडक, तेच बाजूचे कापीव पंखे! ज्या संगीताने शतकानुशतकांचे संकेत मोडले, ते संगीत कोणत्याही जुन्या दरबारी नाट्यगृहात शोभावे अशा चित्रांपुढे उभे होते. हा विरोध बायरॉइटला येणाऱ्या बहुतेकांना जाणवला नसावा. कारण कानांनी ऐकताना डोळ्यांना माफ करण्याची सवय रसिकांना असते. आपियाला ती सवय नव्हती.

हा विरोध नीट समजण्यासाठी त्या काळातील प्रकाशाचा थोडा विचार करावा लागेल. वातीच्या व गॅसच्या दिव्यांच्या मंद उजेडात रंगविलेला देखावा खपून जात असे. चित्रकार झाडांच्या सावल्याही कापडावर रंगवून ठेवी, आणि नट त्या सावल्यांपुढे उभा राहिला तरी मंद उजेडात विसंगती फारशी डोळ्यांत भरत नसे. १८८१ मध्ये लंडनच्या सव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे आले, आणि पुढील काही वर्षांत ते युरोपभर पसरले. या नव्या सामर्थ्याचा नाट्यगृहांनी उपयोग काय केला? रंगविलेले पडदे अधिक लख्ख दिसावेत म्हणून त्यांवर अधिक उजेड पाडला! परिणाम असा, की कापडावर रंगविलेला सूर्य एकीकडे, त्याच्या रंगविलेल्या सावल्या दुसरीकडे, पायदिव्यांनी नटाची खरी सावली फेकलेली तिसरीकडेच. आणि नट ज्या फळ्यांवर उभा, त्या फळ्या तर सपाटच. चित्रातील डोंगरावर त्याला पाऊल ठेवता येत नव्हते. सजीव देह आणि निर्जीव चित्र हे एकमेकांना खोटे पाडीत होते.

ड्रेस्डेनच्या दरबारी नाट्यगृहात प्रकाशयोजनेचा, आणि पुढे व्हिएन्नाच्या नाट्यगृहांतील यंत्रणेचा प्रत्यक्ष अभ्यास आपियाने केला होता. तेव्हा केवळ स्वप्नाळू चित्रकार म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. १८९५ मध्ये वाग्नरच्या नाट्यप्रयोगांवर त्याची एक लहानशी फ्रेंच पुस्तिका निघाली, आणि १८९९ मध्ये संगीत व नाट्यप्रयोग यांच्या संबंधावरील त्याचा मुख्य ग्रंथ म्यूनिक येथे जर्मन भाषांतराच्या रूपाने प्रसिद्ध झाला. या ग्रंथातील विचाराची साखळी थोडक्यात अशी मांडता येईल. संगीतनाट्यात काळाचे माप संगीत ठरविते. कोणता भाव किती क्षण टिकावा, हे नटाच्या लहरीवर राहत नाही. हा काळ नटाच्या देहातून हालचालीच्या रूपाने अवकाशात उतरतो. हालचालीला आधार हवा. म्हणून नटानंतर महत्त्व भूमीचे, म्हणजे पायऱ्या, उतार, चौथरे, भिंती यांचे. भूमी आणि देह या दोहोंना एकत्र आणणारी वस्तू प्रकाश. आणि रंगविलेले चित्र सर्वांत शेवटी, तेही गरज असेल तर. प्रचलित नाट्यगृहात ही उतरंड नेमकी उलटी होती. तेथे चित्र राजा होता आणि नट त्याच्यापुढील मुजरेकरी.

प्रकाशाचेही त्याने दोन प्रकार केले. एक सर्वत्र पसरणारा, केवळ दिसावे म्हणून असलेला; दुसरा दिशा असलेला, सावली पाडणारा, वस्तूला घडण देणारा. दुसऱ्या प्रकाशाला तो रंगमंचावर संगीताचा सखा मानी. कारण संगीताप्रमाणेच तो क्षणाक्षणाला बदलू शकतो, आणि संगीताप्रमाणेच तो वस्तूचे वर्णन न करता तिचा भाव प्रकट करतो. आज कोणत्याही हौशी मंडळीच्या प्रयोगात दिवे कमीजास्त होतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु १८९९ मध्ये प्रकाश हे नाट्याचे साधन आहे, केवळ सोय नव्हे, असे एवढ्या सांगोपांग रीतीने मांडणे ही असामान्य गोष्ट होती.

तत्त्वे कोरडी असतात. उदाहरणाने ती ओली होतात. 'सीगफ्रीड'च्या दुसऱ्या अंकात नायक अरण्यात एका झाडाखाली बसून वनातील मर्मर ऐकतो. रूढ नेपथ्यात येथे कापडाची शेकडो पाने दोऱ्यांनी हलविली जात. आपिया विचारतो, की प्रेक्षकाला अरण्य पाहावयाचे आहे, की अरण्यात बसलेला माणूस? त्याचे म्हणणे असे, की पाने दाखविण्याची आवश्यकताच नाही. नायकाच्या अंगावरून प्रकाशाचे आणि सावलीचे कवडसे हलू द्या. वाऱ्याने पाने हालली हे प्रेक्षकाला त्या माणसाच्या देहावर वाचता येईल. अरण्याचे चित्र काढून टाकले आणि अरण्य राहिले, असा हा चमत्कार आहे.

'ट्रिस्टन आणि इझोल्ड'साठी त्याने केलेली योजना याहूनही सूक्ष्म आहे. दुसऱ्या अंकात रात्रीच्या भेटीसाठी इझोल्ड आतुर झाली आहे. दाराशी मशाल जळत आहे. ती विझणे हा प्रियकराला संकेत. त्या काळचा नेपथ्यकार येथे चांदण्यातील राजोद्यान उभे करी. आपियाने मशालीवरच सारे केंद्रित केले. ती जळते तोवर भिंत, दार, पायऱ्या यांच्या कडा स्पष्ट. ती विझताच सगळ्या कडा विरघळतात, आणि दोघांना जसे जग दिसत नाही, तसे प्रेक्षकालाही ते दिसेनासे होते. प्रेक्षकाने प्रेमिकांकडे न पाहता प्रेमिकांच्या डोळ्यांनी पाहावे, हा येथील हेतू. पुढे राजा येतो तो थंड पहाटेसह. वस्तूंच्या कडा परत येतात, आणि त्या कडा हेच संकट असते. तिसऱ्या अंकात जखमी ट्रिस्टन सावलीत पडला आहे, आणि मावळतीचे ऊन हळूहळू सरकत त्याला गाठते. ज्या नाट्यात दिवस हा शत्रू आणि रात्र ही माउली आहे, त्या नाट्यात प्रकाश हे एक पात्रच होय, हे आपियाने संगीताच्या प्रतीतून वाचून काढले होते.

'वाचून काढले' हे शब्द आम्ही जाणूनबुजून योजले आहेत. आपियाची ही चित्रे व टिपणे नेपथ्याचे आराखडे म्हणून पाहिली जातात. आमच्या मते ती मूलतः समीक्षा आहे. एखाद्या कृतीतील कोणता घटक मुख्य आणि कोणता गौण, बाह्य घटना कोणती आणि अंतर्गत घटना कोणती, याचा निवाडा करणे हे टीकाकाराचे काम. आपियाने तो निवाडा शब्दांऐवजी पायऱ्यांनी, कोळशाच्या काड्यांनी आणि सावल्यांनी केला. वाग्नरवर त्या काळी लिहिल्या गेलेल्या ढीगभर ग्रंथांतील फारच थोडे आज कोणी उघडून पाहत असेल. परंतु ट्रिस्टनची मशाल म्हणजे काय, हे आपियाच्या योजनेमुळे नव्याने कळते. म्हणूनच प्रत्यक्ष प्रयोग न होताही ही चित्रे जगली. जे केवळ सजावट असते ते मंचाबरोबर मोडीत निघते. जे अर्थनिर्णयन असते ते कागदावरही टिकते.

या योजना बायरॉइटपर्यंत पोहोचल्या नाहीत असे नाही. ह्यूस्टन स्टुअर्ट चेंबरलेन हा आपियाचा स्नेही. वंशवादी ग्रंथामुळे पुढे कुप्रसिद्ध झालेला हाच तो. त्याच्यामार्फत त्या वाग्नरची विधवा कोसिमा हिच्यापुढे गेल्या. तिने त्या झिडकारल्या. स्वतः वाग्नरने १८७६ मध्ये 'रिंग'चा प्रयोग सिद्ध केला असताना आता नवीन शोधण्यासारखे काही उरलेच नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय. तिला संकुचित ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु थोडा विचार केला तर तिची बाजूही उमजते. वाग्नर १८८३ मध्ये वारला होता. त्याचे नाट्यगृह कर्जातून आणि टीकेतून तगवून ठेवण्याचा भार तिच्यावर होता. आणि मृताच्या शब्दाला चिकटून राहणे हाच निष्ठेचा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. तिने वाग्नरच्या रंगसूचना जपल्या, आपियाने वाग्नरचे संगीत जपले. दोघेही निष्ठावंतच, पण एकाच दैवताच्या दोन भक्तांत जेवढे वैर असते तेवढे भक्त आणि पाखंडी यांच्यातही नसते.

यानंतरची कित्येक वर्षे रिकामी गेली. १९०३ मध्ये पॅरिस येथे काउंटेस द बेआर्न हिच्या खाजगी नाट्यगृहात बायरनच्या 'मॅनफ्रेड'मधील शूमानच्या संगीतासह काही भाग आणि 'कारमेन'मधील एक प्रवेश त्याला सजविता आला. नंतर पुन्हा शांतता. १९०६ मध्ये एमिल झाक-दालक्रोझ या संगीतशिक्षकाचा त्याला परिचय झाला. लय ही केवळ कानांनी नव्हे, तर सर्व देहाने शिकावयाची वस्तू आहे, या विचाराने दालक्रोझ मुलांना संगीताच्या तालावर चालावयास, थांबावयास, तोल सावरावयास शिकवीत असे. आपियाला ज्याची उणीव भासत होती ते येथे सापडले. संगीत आणि भूमी यांच्यामधील दुवा म्हणजे शिकलेला देह. १९०९ च्या सुमारास त्याने 'लयबद्ध अवकाश' या नावाने ओळखली जाणारी चित्रे काढली. त्यांत कोणतेही नाटक नाही, पात्र नाही. आहेत त्या पायऱ्या, चौथरे, उतार, चौकोनी खांब, आणि त्यांवर पडलेला प्रकाश. दगडाची धार कठीण असेल तरच तिच्यावर टेकलेल्या देहाची मृदुता प्रत्ययास येते, म्हणजे भूमीने देहाला विरोध केला पाहिजे, हे त्यांतील मर्म. ही रिकामी चित्रे पाहताना कोणीतरी आता येणार आहे, अशी हुरहूर लागते. आणि ती हुरहूर हेच त्यांचे नाट्य होय.

हेलेराउ हे ड्रेस्डेननजीकचे उद्याननगर. तेथे वोल्फ डोर्न या धनिकाच्या उत्साहाने दालक्रोझसाठी विद्यालय उभारले गेले, आणि हाइनरिख टेसेनो या वास्तुशिल्पज्ञाने त्याचे सभागृह बांधले. या सभागृहात मंचाची चौकट नव्हती, पायदिवे नव्हते, प्रेक्षक व नट यांच्यामध्ये पडदाही नव्हता. अलेक्झांडर फॉन झाल्ट्समान याने भिंती व छत अर्धपारदर्शक पांढऱ्या कापडाने मढवून त्यांच्यामागे हजारो दिवे बसविले; त्यामुळे दिवा न दिसता सारी वास्तूच प्रकाशमान होई. १९१२ मध्ये येथे 'ऑर्फेउस'मधील पाताळाचा अंक झाला, आणि १९१३ मध्ये संपूर्ण नाट्य. वरून पायऱ्यांची एक प्रचंड उतरण. तिच्यावर पाताळातील अघोर शक्तींचे समूह. आणि त्यांच्यामधून आपल्या गाण्याच्या बळावर एकेक पायरी उतरत येणारा ऑर्फेउस. मृत्यूच्या राज्यात जाणे म्हणजे काय, हे रंगविलेल्या ज्वालांनी न दाखविता उतरण्याच्या क्रियेने दाखविले गेले. बर्नार्ड शॉसारखे प्रेक्षक हेलेराउला आवर्जून गेले. आपियाच्या आयुष्यात कल्पना आणि साधने यांची गाठ पडण्याचा योग असा एकदाच आला.

तो फार टिकला नाही. १९१४ च्या आरंभी डोर्न अपघातात मृत्यू पावला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. रॅंस येथील कॅथेड्रलवर जर्मन तोफांनी मारा केला, तेव्हा त्याच्या निषेधपत्रावर दालक्रोझने सही केली, आणि जर्मनीचे दार त्याला बंद झाले. याच वर्षी, युद्धापूर्वी, झुरिक येथील नाट्यप्रदर्शनात आपियाची गॉर्डन क्रेगशी भेट झाली. नव्या रंगभूमीचे दोन प्रवर्तक म्हणून ही नावे नेहमी जोडीने घेतली जातात. परंतु क्रेग हा नटीचा मुलगा, रंगमंचावर वाढलेला, वादात रमणारा, स्वतःचे मासिक चालविणारा; आणि आपिया हा चार माणसांपुढे तोंड उघडण्यास कचरणारा. नव्या विचाराला जगात हिंडविण्यास नुसता विचार पुरत नाही, आवाजही लागतो. क्रेगचा आवाज सर्वत्र ऐकू गेला. आपियाचा विचार हळूहळू झिरपत राहिला.

साठी उलटल्यानंतर त्याला मोठ्या नाट्यगृहाचे बोलावणे आले. तोस्कानिनीच्या आग्रहाने २० डिसेंबर १९२३ रोजी 'ला स्काला'मध्ये आपियाच्या नेपथ्यासह 'ट्रिस्टन' झाला. मिलानच्या प्रेक्षकाला हे सारे रूक्ष, दरिद्री वाटले. भरजरी देखाव्यांची सवय असलेल्या त्या नगरीत करड्या भिंती आणि अंधार पाहून लोक बुचकळ्यात पडले. पुढील वर्षी बाझल येथे ओस्कार व्हेल्टरलिन या तिशीच्या आतील दिग्दर्शकाने 'रिंग'चा संकल्प सोडला. नोव्हेंबर १९२४ मध्ये 'ऱ्हाइनगोल्ड', १९२५ च्या आरंभी 'वाल्क्युरे' झाला. परंतु वाग्नरभक्तांनी एवढे काहूर माजविले, की पुढील दोन भाग सोडून द्यावे लागले. २९ फेब्रुवारी १९२८ रोजी निऑन येथे आपियाचे निधन झाले.

हा सारा वृत्तान्त वाचून हळहळ वाटते, आणि 'जगाने प्रतिभेची उपेक्षा केली' हे ठरीव वाक्य ओठांवर येते. आम्ही ते उच्चारू इच्छीत नाही. आपियाच्या अपयशाची काही मुळे त्याच्या विचारातच होती. रंगभूमी हा अनेकांचा मिळून चालणारा धंदा आहे. सुतार, शिंपी, दिवेवाले, गायक, व्यवस्थापक या सर्वांनी एका अंतर्गत नियमाला वश व्हावे, अशी आपियाची अपेक्षा होती; पण त्यांच्यात बसून, त्यांच्याशी भांडून, थोडे सोडून थोडे मिळविण्याची वृत्ती त्याच्यापाशी नव्हती. दुसरे असे, की त्याच्या पायऱ्यांवर देव, वीर आणि शोकाकुल प्रेमिक शोभतात. तेथे खुर्ची, चहाची किटली आणि थट्टा यांना जागा नाही. मानवी जीवनाचा केवढा तरी भाग खुर्चीवर बसूनच घडतो! इब्सेनच्या दिवाणखान्यातील अडगळ ही केवळ सजावट नव्हे. ती पात्रांच्या गळ्याभोवती बसलेली फास आहे. आपियाच्या पद्धतीने ती अडगळ दूर केली, तर शोकांतिकाच दूर होईल. तिसरे, १९२१ च्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात तो अशा कलेची आकांक्षा धरतो, की जीत प्रेक्षक असा उरणारच नाही, सर्वजण सहभागीच होतील. हा विचार उदात्त आहे. पण तो रंगभूमीचा नाही, उपासनेचा आहे. नाट्याला पाहणारा लागतोच. आणि चौथे, त्याच्या साधेपणाचे अनुकरण फार सोपे निघाले. मागे करडा पडदा, पुढे चार पायऱ्या, वरून एक झोत, एवढे केले की आधुनिक नेपथ्य झाले, ही पुढे एक रूढीच बनली. आपियाची पायरी संगीताच्या एका विशिष्ट मात्रेतून निघाली होती; अनुकरण करणाराची पायरी सुताराच्या गुदामातून निघते.

येथे आपल्या रंगभूमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. आमचे वडीलधारे ज्या संगीत नाटकांवर वाढले, त्या नाटक मंडळ्यांपाशी जंगलाचा, रस्त्याचा, दरबाराचा असे ठरीव पडदे असत. आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्यासारख्या सिद्धहस्त कलावंतांनी त्यांत प्राण ओतला, आणि पडदा वर गेला की टाळ्या पडत. पण पद सुरू झाले, की गायकनट दोन पावले पुढे येई. मागील जंगल प्रेक्षकाच्या लेखी नाहीसे होई, आणि उरे तो एक स्वर. म्हणजे चित्र आणि नाट्य यांची फारकत आपल्याकडेही होतीच. आपण ती गोड मानून घेतली होती. याउलट 'नाट्यशास्त्रा'त कक्ष्याविभागाचा जो विचार आहे, त्यात नटाच्या परिक्रमणानेच स्थळ बदलते. नट चालला, आणि राजवाड्याचे अरण्य झाले! देहाने अवकाश घडवावा, हे तत्त्व आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. मात्र एवढ्यावरून 'हे सर्व आमच्याकडे पूर्वीच होते' अशी प्रौढी मिरविण्याचे कारण नाही. भरताचा नट संकेताने भूमी निर्माण करतो. आपियाला भूमी प्रत्यक्ष, टणक, पायाला लागणारी हवी होती. दोन्ही मार्ग रंगविलेल्या पडद्याला टाळतात, पण निघतात वेगळ्या दिशांनी. आमच्या वाचकांपैकी जे बदलीच्या गावी गणेशोत्सवात किंवा मंडळाच्या वार्षिक दिनी उसन्या पडद्यावर आणि चार दिव्यांवर नाटक उभे करतात, त्यांना यांतून एवढे तरी घेता येईल : पडदा कोठून आणावा हा पहिला प्रश्न नव्हे, पात्र कोठून येते, कशावर उभे राहते आणि कोणत्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, हा पहिला प्रश्न होय.

१९५१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर, बायरॉइटचे नाट्यगृह पुन्हा उघडले. नात्सी राजवटीशी जडलेल्या नात्याने ते नाव काळवंडलेले होते. वीलांड वाग्नरने, म्हणजे कोसिमाच्याच नातवाने, मंचावरील कापडी खडक, झाडे, शिंगांची शिरस्त्राणे सारी दूर केली. उरली ती जवळजवळ रिकामी भूमी, आणि तिच्यावर प्रकाश. आजीने जे दाराबाहेर ठेवले, ते नातवाच्या हातून आत आले. यात काव्यात्म न्याय पाहावयाचा तर पाहावा. आम्हांला मात्र यात एक कठोर गोष्टही दिसते. बायरॉइटला आपियाच्या मार्गाची वाट सापडली, ती जुन्या देखाव्यांनी ज्या दिखाऊ पराक्रमाला आसरा दिला होता, त्याची लाज वाटू लागल्यानंतर. कलेतील सुधारणा पुष्कळदा सौंदर्यदृष्टीने होत नाही. इतिहासाने सर्व सामान जाळून टाकल्यावर होते.

हेलेराउच्या त्या सभागृहाचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. नात्सी काळात तेथे पोलिसांचे शिक्षण चाले. युद्धानंतर ते सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेले, आणि १९९२ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. आज तेथे पुन्हा नृत्य आणि नाट्य होते. ऑर्फेउस ज्या पायऱ्यांवरून उतरला त्या पायऱ्या अर्थातच उरलेल्या नाहीत. त्या लाकडाच्या होत्या, आणि लाकडाच्या पायऱ्या उरावयाच्या नसतातच. पण नटाच्या पायाखाली काय असावे, याचा विचार केल्यावाचून आज कोणत्याही देशातील जाणता नेपथ्यकार रेघ ओढीत नाही. सेवापुस्तिकेतील नोंदींनी हे यश मोजता येत नाही. आणि ज्यांची सारी हयात नोंदींनी मोजली जाते, अशा आपल्यासारख्यांना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.